घरातील गाणे आणि मुलांचे कान

एका घरात राहणारी सारी माणसे एकच गाणे ऐकत असत, असा एक काळ होता. त्या गाण्याची निवड कोणी करावी, हा प्रश्नच उद्भवत नसे. भिंतीवरच्या फळीवर एक रेडिओ असे, त्याची कळ वडिलांच्या हाती असे, आणि ज्याला ते गाणे नको असेल त्याने अंगणात जाऊन बसावे, एवढेच स्वातंत्र्य इतरांस होते. त्याच्याही आधी रेडिओ नव्हता. तेव्हा गाणे हवे असल्यास ते घरातील कोणीतरी गावे लागे. आज पाच माणसांच्या घरात चार मोबाइल फोन असतात, आणि चौघांच्या कानांत चार निरनिराळी गाणी एकाच वेळी वाजत असतात. घर मात्र शांत असते. मुलांची गाण्याची आवड इतक्या झपाट्याने पालटत आहे, तिला आळा घालावा की तिला मोकळे सोडावे, असे पुष्कळ ख्रिस्ती आईबाप आम्हांस विचारतात. त्यांची काळजी अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती जेथे केली जाते तेथे तिचे फारसे कारण नाही, आणि कारण जेथे आहे तिकडे कोणी पाहत नाही, असे आमचे मत झाले आहे.

इंदूरच्या पश्चिमेस, विमानतळाच्या पलीकडे, हातोद हे माळव्यातील गाव आहे. काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू-हरभरा. तेथे मराठी बोलणारे एक कॅथलिक कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. घरातील आजी मूळच्या अहमदनगर जिल्ह्यातील. त्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यातले. तेव्हा तिकडून माळव्यात सून म्हणून आलेली मी काही पहिली नव्हे, असे आजी थट्टेने म्हणतात. त्यांच्या माहेरी संध्याकाळी जपमाळेनंतर एखादे गीत झाल्यावाचून कोणी पानावर बसत नसे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस जाताना भजनी मंडळी टाळ-मृदंगाच्या साथीवर जी गीते म्हणत, ती त्यांना अजून पाठ आहेत. त्यांचे चिरंजीव हातोदलाच वाढले. त्यांची शाळा हिंदी, मिस्सा हिंदी; त्यामुळे त्यांच्या ओठी हिंदी भजने बसली, आणि त्यांच्या जोडीला विविध भारतीवरील चित्रपटगीते. आता नातवंडांची पाळी आहे. सोळा वर्षांचा नातू भरभर शब्द फेकीत म्हटले जाणारे, ज्याला रॅप म्हणतात, ते ऐकतो. तेरा वर्षांची नात कधी कोरियातील तरुणांच्या वाद्यवृंदांची गाणी ऐकते, तर कधी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेकडील इंग्रजी भक्तिगीते. कोरियन भाषेचा एक शब्द तिला कळत नाही. आजींना आठवते की, त्यांच्या बालपणी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. तिचाही शब्द कोणाला कळत नसे, पण चाल अजून कानात आहे. म्हणून ह्या बाबतीत त्या नातीला बोलत नाहीत.

त्या घरात गेल्या पावसाळ्यापासून जपमाळ होते, पण तिच्यानंतरचे गीत होत नाही. ह्यावरून भांडण झालेले नाही. एके संध्याकाळी आजींनी नेहमीप्रमाणे गीत सुरू केले. दुसरी ओळ कोणी उचलली नाही. सुनेला ते पुरते येत नव्हते, चिरंजीव कामावरून थकून आले होते, आणि मुलांचे ओठ मिटलेले होते. तिसऱ्या ओळीला आजी आपणच थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरूच केले नाही, आणि तेव्हापासून जपमाळ संपली की ताटे वाढली जातात.

वडिलांना ही गोष्ट लागली. त्यांनी मुलाचा फोन आठ दिवस कपाटात ठेवला. मुलगा त्या आठ दिवसांत शेजारच्या मित्राच्या ओट्यावर बसू लागला आणि त्याच्या फोनवर तीच गाणी ऐकू लागला. फरक एवढाच पडला की, पूर्वी तो निदान घरात बसून ऐकत होता.

बंदीचा हा उपाय आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आला आहे, आणि त्याची हकीकत प्रत्येक पालकाने जाणून घेण्यासारखी आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ पुण्याचे, विद्वान, आणि शास्त्रीय संगीताचे सच्चे भक्त. चित्रपटगीते लोकांची अभिरुची बिघडवतात, असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. त्यांचा हेतू एखाद्या दक्ष पित्याचाच होता. पण श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा फिरवला. समुद्रापलीकडे रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी ह्यांच्या आवाजासाठी गावोगावी माणसे रेडिओभोवती गोळा होऊ लागली. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते हॉटेलच्या बाकावर बसून ऐकत. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्रिपदी असतानाच, आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, आणि हाकलून दिलेली गाणी मानाने घरात परत आली. परंतु केसकरांना हसून सोडून देणे अन्यायाचे होईल. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली आणि रेडिओ संगीत संमेलन १९५४ साली सुरू झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्या खेडेगावांत मोठा गवई कधी पाऊल ठेवणार नव्हता, तेथे त्याचा आवाज पोहोचला. म्हणजे त्यांनी जे दिले ते लोकांनी घेतले; आणि जे काढून घेतले ते लोकांनी दुसरीकडून मिळवले.

त्याच आकाशवाणीने आणखी एक बंदी घातली होती. १९४० सालापासून तेथे हार्मोनियमला प्रवेश नव्हता. कारण असे सांगत की, पेटीचे स्वर ठरीव असतात. आपल्या गाण्यातील मींड आणि श्रुती तिच्यातून निघत नाहीत, आणि शिवाय ती परदेशी आहे. १९७१ सालापासून ही बंदी हळूहळू सैल झाली. आता गंमत पाहा. आमच्या गावच्या चर्चमधल्या कोणाही वृद्ध गृहस्थास विचारा, आपले खरे, जुने, भारतीय वाद्य कोणते? तो पेटीकडे बोट दाखवील. पेटीचा जन्म मात्र पॅरिसचा आणि १८४० च्या सुमाराचा. मिशनरी लोकांनी तिला आपल्याबरोबर आणले, कारण ऑर्गन बैलगाडीत चढवणे कठीण होते. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनी पायाने भाता मारण्याऐवजी हाताने मारता येईल अशी पेटी बनवली, आणि ती मांडी घालून बसणाऱ्या देशात कायमची राहिली. महाराष्ट्रात तर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला बोलके केले. तेव्हा नातवाने चर्चमध्ये गिटार आणली म्हणून आजोबा जेव्हा परदेशी वाद्याचे नाव काढून नाक मुरडतात, तेव्हा त्यांच्या पुढ्यातली पेटी गालातल्या गालात हसत असावी.

गिटारीचेच म्हणाल, तर नाताळच्या गीतांत सर्वांत सौम्य, सर्वांत सोज्ज्वळ मानले जाणारे ‘सायलेंट नाइट’ हे गीत २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये प्रथम म्हटले गेले ते गिटारीच्याच साथीवर. शब्द फादर योसेफ मोर ह्यांचे आणि चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर ह्यांची.

प्रत्यक्ष ख्रिस्तसभेतही ह्या बाबतीत पुष्कळ वळणे आली आहेत. पोपमहाशय दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, चर्चमधील संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्या काळी युरोपातील चर्चमध्ये नाटकगृहातील तऱ्हा शिरल्या होत्या, आणि त्यांस आवर घालणे अगत्याचे होते. त्या पत्राने ग्रेगोरियन गायनास अग्रमान दिला, आणि चर्चमध्ये पियानो, तसेच ढोल, झांजा ह्यांसारखी गलबला करणारी वाद्ये मना केली. पवित्र शास्त्रातील शेवटच्या, म्हणजे दीडशेव्या स्तोत्रात, कर्णे, वीणा, डफ आणि झांजा ह्या सर्वांनी परमेश्वराची स्तुती करण्यास सांगितले आहे, हे लिहिणाऱ्यांस ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? त्यांनी वाद्याला नव्हे, त्याच्या त्या काळच्या वापराला अटकाव केला. पुढे साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचे आपले संविधान प्रसिद्ध केले. त्यात ग्रेगोरियन गायनाचा मान तसाच राखला. परंतु ज्या देशांतील लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे तिला योग्य ते महत्त्व द्यावे, असेही स्पष्ट म्हटले. मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, आणि जे टाळ-मृदंग यात्रेच्या रस्त्यावर थांबत होते, ते आत आले.

ते आत आले तेव्हा सर्वांना आवडले होते काय? हातोदच्या आजी सांगतात की, त्यांच्या आईस ते मुळीच रुचले नव्हते. देवळात मृदंग वाजला म्हणून ती माउली दोन रविवार मागच्या बाकावर तोंड फिरवून बसली होती. आज आजी ज्या गीतांसाठी हळहळतात, ती गीते त्यांच्या आईच्या मते बिघडलेल्या अभिरुचीची होती!

इंदूरकडच्या ख्रिस्ती लोकांनी तर हे परिवर्तन इतरांच्या आधीच पाहिले. १९३२ साली एस. व्ही. डी. संघाचे मिशनरी इंदूर मिशनमध्ये आले, आणि त्यांच्यात फादर जॉर्ज प्रोक्श हे जर्मन धर्मगुरू होते. ऑर्गनच्या देशात वाढलेला हा मनुष्य येथील राग आणि भजने शिकला, आणि येशू ख्रिस्ताची कथा त्याने हिंदी भजनांतून व नृत्यनाट्यांतून सांगितली. मुंबईत अंधेरी येथील ज्ञान आश्रम त्यांनीच स्थापन केला. हे कार्य विश्वपरिषदेच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. येथे जन्मलेली मुले युरोपच्या चालींची हौस बाळगीत असता युरोपातून आलेला पाद्री भजन म्हणत बसला, ह्यावरून एवढे कळते की, दुसऱ्याचे गाणे आवडणे हा केवळ आपल्या मुलांचा दोष नव्हे.

चित्रपटगीतांविषयी एक गोष्ट आम्हांस मुद्दाम सांगावयाची आहे, कारण कॅथलिक घरांतच तिचा विसर पडलेला दिसतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चांना जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. मिस्सेला आणि सणाला गाणारे-वाजवणारे मिळावेत, हा त्यामागील हेतू. ती मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईस गेली, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचे जे भरघोस मेळ आपण ऐकतो, त्यांची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा ह्या गोमंतकीयाची होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीतील प्यारेलाल ह्यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यात जे नाव सबंध देशाने हसत हसत गुणगुणले, ते शिष्याने आपल्या गुरूला वाहिलेले नाव आहे. म्हणजे ज्या गाण्यांना सिनेमाची गाणी म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी दार लावले, ती पुष्कळदा चर्चच्या शाळेत शिकलेल्या हातांनीच सजवलेली होती. शिवाय त्या गाण्यांची सम्राज्ञी लता मंगेशकर ह्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरचाच. हातोदहून विसाएक किलोमीटरवरचा.

तेव्हा आवड पालटणे हा रोग नव्हे. आजींची पालटली, त्यांच्या चिरंजीवांची पालटली, ख्रिस्तसभेची पालटली. मग त्या घरात बिघडले ते काय? आमच्या मते बिघडले ते एवढेच की, सर्वजण ऐकतात आणि कोणीही गात नाही. आजींच्या आईला मृदंग आवडला नाही, तरी ती मागच्या बाकावरून गात होती. चिरंजीव विविध भारतीची गाणी ऐकत, पण शेतावर जाताना ती मोठ्याने म्हणतही. नातू दिवसाचे तीन तास गाणे ऐकतो; परंतु त्याचा गाण्याचा आवाज कसा आहे, हे त्याच्या आईलादेखील ठाऊक नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत तो चर्चच्या गायकवृंदात होता. आवाज फुटू लागला तेव्हा मुले हसली, आणि तो जो गप्प झाला तो झालाच. अशा वेळी कोणी त्याला दोन महिने थांब, मग खालच्या पट्टीत म्हण, असे सांगितले असते तर बरे झाले असते. कानात बोंडे घालून ऐकण्यात त्याला एक मोठी सोय सापडली आहे, ती ही की, तेथे त्याला कोणी हसत नाही.

ह्याच्या जोडीला भाषेचा प्रश्न आहे, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबास तो अधिक बोचतो. हातोदच्या त्या घरात मराठी बोलली जाते, पण वाचली फार थोडी जाते. शाळा आणि मिस्सा हिंदी असल्यामुळे मराठी प्रार्थना आणि मराठी गीत एवढी दोनच स्थाने अशी होती की, जेथे मुलांच्या तोंडी घरगुती बोलण्यापेक्षा वरच्या दर्जाची मराठी येई. करुणा, तारण, शरण, कृपा हे शब्द त्या मुलांना गीतांतूनच ठाऊक झाले. गीत थांबले की ते शब्दही थांबतील. हे दुःख एकट्या ख्रिस्ती घरांचे आहे असेही नाही. पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाची संजा काढून गाणी म्हणत. शेजारच्या हिंदू घरांतील म्हाताऱ्या बायकाही आता हेच म्हणतात की, मुली येतात, फोनवर संजाचे गाणे लावतात, आणि उभ्या राहतात.

आता शब्दांविषयी. संत ऑगस्टिन ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात एक कबुली दिली आहे. मिलानच्या चर्चमध्ये, जेथे संत अँब्रोज ह्यांनी लोकांस एकत्र गाण्याची चाल घालून दिली होती, तेथील गायन ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते. पण पुढे त्यांना शंका येऊ लागली, आपल्या मनाला हलवते ते काय, गायिलेला अर्थ की गाणाऱ्याचा गळा? अर्थापेक्षा गळ्याने जास्त हलवले, तर तो त्यांना आपला दोष वाटे. एकदा तर गायनच नको, असेही त्यांच्या मनात आले. परंतु मिलानचे ते अश्रू आठवून त्यांनी गायनाची चाल राहू द्यावी असे ठरवले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या ह्या संताची कसोटी आजही पालकांच्या उपयोगी पडेल: मुलगा कोणत्या चालीवर डोलतो हे पाहू नये, ती चाल कोणते शब्द त्याच्या मनात उतरवते हे पाहावे. ज्या गाण्यात स्त्रीची विटंबना आहे, नशेची बढाई आहे, ते गाणे मराठी असो, पंजाबी असो की इंग्रजी, ते वाईटच. अशा गाण्याचे शब्द मुलाला समोर बसवून, चाल न लावता, नुसते वाचून दाखवायला सांगावे. बहुधा तिसऱ्या ओळीला तो स्वतःच लाजतो. परंतु हा उपाय करणाऱ्या बापाने गेल्या उन्हाळ्यातील लग्नाची वरात आठवावी. तेथे डी. जे. च्या भिंतीसमोर त्याच गाण्यावर तो स्वतः दोन्ही हात वर करून नाचला होता, हे मुलगा विसरलेला नसतो.

भक्तिगीत म्हटले की ते चांगलेच, असेही धरून चालू नये. नातीच्या इंग्रजी गीतांतील काही गीते आम्ही ऐकली. त्यांतील काही खरोखर भावपूर्ण आहेत. काहींत मात्र मी, मला, माझे ह्यापलीकडे फारसे काही नाही. प्रभूचे नाव काढून तेथे दुसरे कोणाचे घातले तरी चालून जाईल. ती इतर पंथांच्या मंडळ्यांतून आलेली असल्यामुळे मिस्सेमध्ये घेण्यापूर्वी फादरांना विचारणे योग्य. घरी म्हणावयास काही हरकत नाही. नारायण वामन टिळक हे तरी कोठे कॅथलिक होते? आणि जुन्या गीतांची बाजू घेताना एवढे कबूल केले पाहिजे की, आपण ती इतकी रेंगाळत, इतकी ओढून म्हणतो की, उत्साही मुलास जांभई यावी. दोष गीताचा नसतो.

काढून घेतल्यास त्या जागी काही द्यावे लागते, हे आपल्या पूर्वसूरींना चांगले ठाऊक होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांनी साष्टीतील नवख्रिस्ती लोकांत आयुष्य काढले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. स्नानसंस्कार घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांस वर्ज्य केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे पुराण आमच्यासाठी का करीत नाही? फादरांनी त्याला दटावले नाही. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, आणि त्या मराठीत, लोकांच्या गळ्यात बसलेल्या छंदात. १६१६ साली तो ग्रंथ छापला गेला, आणि चर्चमध्ये लोक तो गाऊन म्हणू लागले. आपल्या मुलाने जर विचारले, हे नको तर मग काय ऐकू, तर किती बापांजवळ उत्तर आहे?

अकरा हजार ओव्या कोणी मागत नाही. प्रथम मुलांचे गाणे लक्ष देऊन ऐकावे, एवढे झाले तरी पुरे आहे. हातोदपासून फार दूर नसलेल्या देवास गावी १९४८ साली एक तरुण गवई क्षयाने आजारी होऊन राहावयास आला. कुमार गंधर्व हे त्यांचे नाव. बालवयातच त्यांची कीर्ती देशभर झाली होती, आणि आता सुमारे पाच वर्षे त्यांना गाणे बंद होते. त्या वर्षांत अंथरुणावर पडून त्यांनी ऐकले ते माळव्यातील साध्या बायाबापड्यांचे गाणे. ज्या गवयाने मोठमोठ्या बुजुर्गांस थक्क केले होते, त्याने ते आपल्याहून कमी प्रतीचे मानले नाही. त्यांतल्या धुनांवरून त्यांनी पुढे नवे राग बांधले. आम्ही असे म्हणत नाही की, नातवाचे रॅप ऐकून आजींनी राग बांधावा. परंतु घरातील कोणी मोठ्या माणसाने त्या मुलाजवळ बसून, दुसरे बोंडे आपल्या कानाला लावून, एकदाही ते गाणे शेवटपर्यंत ऐकलेले नव्हते, हे खरे आहे.

ह्या गोष्टीला सुरुवात केली ती वडिलांनी नव्हे, सुनेने. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जपमाळ संपल्यावर तिने मुलीला सांगितले, तुला जे येते ते म्हण. मुलगी बराच वेळ लाजली, मग तिने आपले इंग्रजी गीत अर्ध्या आवाजात म्हटले. आजींनी ते नीट ऐकून घेतले. शब्द त्यांना कळले नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “चाल बरी आहे गं, पण हिच्यात श्वास कुठे घ्यायचा?” मुलीने दाखवले. मग तिने विचारले, “आजी, तुझ्या त्या गाण्यात कुठे घेतात?” आजींनी दाखवले, आणि दाखवण्यासाठी त्यांना ते म्हणावे लागले. आता आठवड्यातून दोन-तीन वेळा गीत होते. कधी एक आजींचे, कधी एक नातीचे, आणि वडिलांची हिंदी भजने मधूनमधून. नातू अजून गात नाही. पण तो जेवणाच्या पाटावर बोटांनी ठेका धरतो, आणि आजींचा एक शब्द ठेक्याबाहेर जातो असे त्याने त्यांना सांगितलेही. आजींचे म्हणणे असे की, तो शब्द तेथेच पडतो, ठेकाच चुकला. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

ज्या घरांत अशा आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी एक काम लांबणीवर टाकू नये. त्यांना येत असलेली गीते वहीत उतरवून घ्यावी, आणि हे काम मुलांकडून करवावे. फोन हाती असल्याचा हा एक चांगला उपयोग आहे. प्रथम सबंध गीत त्यांच्याच आवाजात, पंखा बंद करून, भरून घ्यावे. मग शब्द लिहावे. जेथे कडवे आठवत नसेल तेथे आपल्या मनाने भर घालू नये, जागा कोरी सोडावी. चार दिवसांनी काम करता करता ते आपोआप आठवते. प्रत्येक गीताखाली ते कोणत्या गावी, कोणाकडून शिकले, आणि कोणत्या सणाला म्हणत, हे लिहून ठेवावे. एकच गीत राहुरीकडे एका चालीत आणि संगमनेरकडे दुसऱ्या चालीत म्हणत असल्यास दोन्ही चाली भराव्यात. हातोदच्या वहीत नाताळपर्यंत नऊ गीते झाली होती. दहाव्याचे दुसरे कडवे अजून कोरे आहे, आणि ते आजींच्या धाकट्या बहिणीस येते असे कळल्यावरून तिला फोन करावयाचा आहे.